कानातला मळ: साचतो कसा आणि साचू नये म्हणून काय करावे

डोक्यावरून अंघोळ केल्यावर किंवा पोहून आल्यावर एका कानाला अचानक दडा बसतो, मान तिरकी करून कितीही झटकली तरी पाणी निघत नाही आणि दुसऱ्या दिवशीही त्या बाजूने बोललेले नीट ऐकू येत नाही, तेव्हा कानात पाणी अडकले आहे असेच बहुतेकांना वाटते. पुष्कळदा अडकलेला असतो तो मळ, आणि तो त्या दिवशी तयार झालेला नसतो. महिनोन्महिने साचत आलेल्या मळाने कर्णनलिका जवळजवळ भरलेली असते; फक्त एका कडेला बारीकशी फट उरलेली असते आणि तेवढ्या फटीतून आवाज पडद्यापर्यंत ठीक पोहोचत असल्यामुळे त्या माणसाला काही जाणवलेले नसते. पाणी लागताच कोरडा मळ फुगतो, फट बुजते आणि ऐकू येणे एकदम कमी होते. तक्रार एका दिवसात उद्भवली म्हणून कारणही एका दिवसाचेच असावे, असे मानण्याची चूक येथे होते.

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नलिका मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिचे दोन स्पष्ट भाग पडतात. बाहेरच्या साधारण एक तृतीयांश भागाला कूर्चेचा आधार असतो, तेथील त्वचा जाडसर असते, तिच्यावर बारीक लव असते आणि तिच्यातच मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. आतला दोन तृतीयांश भाग हाडात कोरलेला असतो; तेथील त्वचा अतिशय पातळ, थेट हाडाला चिकटलेली, आणि तिच्यात ना केस असतात ना ग्रंथी. मळ म्हणजे बाहेरच्या भागातील तेलग्रंथींचा आणि घामाच्या ग्रंथींचेच बदललेले रूप असलेल्या दुसऱ्या ग्रंथींचा स्राव, त्यात मिसळलेल्या मृत त्वचेच्या पेशी, गळलेली लव आणि बाहेरून आलेली धूळ. या मिश्रणात मोठा वाटा मृत पेशींचा असतो, म्हणून जुना मळ तेलकट कमी आणि पापुद्र्यासारखा अधिक दिसतो.

या रचनेतून एक गोष्ट आपोआप निघते. मळ तयार होतो तो फक्त बाहेरच्या भागात; त्यामुळे तपासणीत तो आत, पडद्याला चिकटून बसलेला दिसला, तर त्याला बहुधा कोणीतरी तेथवर ढकललेले असते. कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीतून पाहतात तेव्हा असा तपकिरी-काळा, चकचकीत टोकाचा गोळा आणि त्याच्यात गुंतलेले कापसाचे पांढरे धागे त्यांना अनेकदा एकत्रच दिसतात, आणि मग कान कसा साफ करता हा प्रश्न विचारावा लागत नाही.

मळ ही घाण नाही. तो नलिकेच्या त्वचेवर तेलकट थर देतो, त्यामुळे पाणी आत मुरत नाही आणि त्वचा कोरडी पडून भेगाळत नाही. तो किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात जीवाणूंना रोखणारे लायसोझाइमसारखे घटक असतात. आत शिरू पाहणारी धूळ आणि बारीकसारीक किडे त्याला चिकटून बाहेरच अडकतात. ज्यांचे कान अगदी लख्ख असतात, म्हणजे ज्यांनी रोज घासून मळाचा मागमूस ठेवलेला नसतो, त्यांनाच कानाला खाज सुटण्याचा आणि नलिकेच्या त्वचेला संसर्ग होण्याचा त्रास अधिक होतो. खाज सुटली की ते पुन्हा काडी घालतात, त्वचा आणखी सोलवटते आणि पुन्हा खाज येते.

सगळ्यांचा मळ एकसारखा नसतो. काहींचा ओलसर, चिकट आणि मधाळ रंगाचा असतो, तर काहींचा कोरडा, करडा आणि भुसभुशीत. हा फरक स्वच्छतेचा किंवा आहाराचा नसून आनुवंशिक आहे: २००६ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की एबीसीसी११ नावाच्या जनुकातील एकाच अक्षराच्या बदलावर मळ ओला की कोरडा हे ठरते. पूर्व आशियात कोरडा प्रकार बहुसंख्य आहे, युरोप आणि आफ्रिकेत ओला. भारतात दोन्ही सापडतात. तेव्हा एका भावाचे कान कोरडे आणि दुसऱ्याचे चिकट असले, तर दुसऱ्याला अस्वच्छ ठरवण्याचे काही कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. कान स्वतःला साफ करतो, आणि हे सांत्वनासाठी म्हटलेले वाक्य नसून मोजता येणारी क्रिया आहे. शरीरावर इतरत्र त्वचेच्या जुन्या पेशी जागच्या जागी गळून पडतात. बंद नलिकेत तसे झाले असते, तर कालांतराने नलिका भरून गेली असती. म्हणून येथील त्वचा आडवी सरकते. पडद्याच्या मध्यापासून निघून ती पडद्याच्या कडेला आणि तेथून नलिकेच्या भिंतीवरून बाहेरच्या दिशेने दिवसाला सुमारे एक दशांश मिलिमीटर, म्हणजे महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर, या वेगाने सरकत राहते आणि मळाला सोबत घेऊन येते. चावताना, बोलताना, जांभई देताना जबड्याचा सांधा नलिकेच्या पुढच्या भिंतीला हलवतो आणि सुटत आलेला मळ आणखी मोकळा होतो. भोकाशी पोहोचलेला मळ झोपेत उशीवर, अंघोळीत किंवा टॉवेलने कान पुसताना नकळत निघून जातो. नलिकेची पूर्ण लांबी ओलांडायला या गतीने कित्येक महिने लागतात, पण घाई कोणालाच नसते.

या सावकाश चालणाऱ्या व्यवस्थेच्या विरुद्ध दिशेने आपण कापसाची काडी घालतो. काडीच्या टोकाला पिवळसर मळ लागलेला पाहून कान साफ झाल्याचे समाधान मिळते, परंतु काडीला लागतो त्याहून कितीतरी अधिक मळ तिच्या पुढे ढकलला जातो, ठासणीच्या बंदुकीत गजाने दारू ठासावी तसा. जेथे केस नाहीत, ग्रंथी नाहीत आणि जबड्याच्या हालचालीचा फारसा परिणाम पोहोचत नाही अशा हाडाच्या भागात एकदा तो जाऊन बसला, की सरकत्या त्वचेलाही तो परत आणणे कठीण जाते. रोज थोडे थोडे करून आपणच बूच तयार करतो आणि मग आपल्या कानात मळ फार होतो, अशी तक्रार करतो.

कापसाच्या काड्यांच्या पाकिटांवर कर्णनलिकेत घालू नये अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते; ती वाचून त्याच काडीने कान कोरणारी माणसे घरोघरी आहेत. भारतात १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या दांडीच्या काड्यांवर बंदी आली आणि त्यांची जागा कागदाच्या व बांबूच्या दांड्यांनी घेतली. पर्यावरणाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले, पण बांबूची दांडी कानाला सोयीची आहे असा जो समज जाहिरातींमुळे पसरतो, त्याला काही आधार नाही. हेअरपिन, आगपेटीची काडी, स्कूटरची किल्ली, पेनाचे टोपण आणि धातूचे कानकोरणे यांच्याबद्दल तर वेगळे सांगायला नको. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून केलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, १९९० ते २०१० या काळात कापसाच्या काडीने कानाला इजा झाल्यामुळे सुमारे २,६३,००० मुलांना आपत्कालीन विभागात आणावे लागले, आणि त्यांतील बहुतेक इजा कान साफ करतानाच झाल्या होत्या. काडी कानात असताना कोणाचा तरी धक्का लागतो किंवा दार उघडते आणि कोपर ढकलले जाते. पडद्याला भोक पडायला तेवढे पुरते.

काडी न घालताही मळ साचणारी माणसे आहेत, हे मात्र मान्य केले पाहिजे, कारण कान आपोआप साफ होतो हे वाक्य त्यांना लागू पडत नाही. ज्यांची नलिका जन्मतः अरुंद किंवा वळणदार असते, ज्यांच्या कानात केस दाट असतात, ज्यांना इसब किंवा सोरायसिससारखे त्वचारोग असतात, आणि डाऊन सिंड्रोम असलेली मुले व माणसे यांच्यात बूच तयार होण्याचे प्रमाण जास्त असते. दिवसाचे अनेक तास कानात इअरफोन खुपसून बसणाऱ्यांच्या बाबतीत बाहेर पडू पाहणाऱ्या मळाची वाट अडते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत दिलेल्या अंदाजानुसार दहांतील एका मुलाला, वीसांतील एका प्रौढाला आणि वृद्धांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांना साचलेल्या मळाचा त्रास असतो.

त्यातील वृद्धांचा आकडा लक्षात घेण्यासारखा आहे. वयाबरोबर ग्रंथींचा स्राव कमी होऊन मळ कोरडा व कडक होतो, कानातले केस, विशेषतः पुरुषांत, जाड आणि राठ होतात आणि त्वचेचे सरकणेही मंदावते. नलिका पूर्ण बुजली, तर ऐकण्यात ४० डेसिबलपर्यंत घट होऊ शकते. शांत खोलीतील साधे बोलणे समजेनासे व्हायला ती पुरेशी आहे. आजोबा दोनदा हाक मारल्याशिवाय वळत नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवून बसतात, जेवताना चाललेल्या गप्पांत भाग घेत नाहीत, आणि घरातली माणसे वयोमानाने असे व्हायचेच म्हणून सोडून देतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला तर कान बंद झाला आहे हे सांगताही येत नाही. त्याचे न ऐकणे हे न समजणे धरले जाते. वयोमानाने येणारा बहिरेपणा खराच असतो आणि तो परत फिरत नाही, परंतु त्याच्यावर बसलेला मळाचा थर काही मिनिटांत काढता येतो, म्हणून श्रवणयंत्राची चौकशी करण्यापूर्वी कानात पाहून घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आधीपासून श्रवणयंत्र वापरणाऱ्यांत मळ अधिक साचतो, कारण यंत्राचा साचा नलिका अडवतो. यंत्र शिट्टी वाजवू लागले किंवा त्याचा आवाज मंदावला, तर दुरुस्तीला देण्याआधी कान आणि यंत्राची जाळी दोन्ही तपासावीत. काही महिन्यांच्या अंतराने ही तपासणी ठरवूनच करावी.

दडा बसणे आणि कमी ऐकू येणे ही मळाची नेहमीची लक्षणे. कानात गुंईगुंई आवाज येणे, खाज, ठणका आणि क्वचित भोवळही त्यामुळे येते. काहींना चक्क खोकला येतो. कर्णनलिकेच्या त्वचेला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूंपैकी एक शाखा घशाशी आणि स्वरयंत्राशी जोडलेल्या व्हेगस मज्जातंतूची असते, म्हणून कान तपासताना किंवा साफ करताना काही माणसे खोकू लागतात, आणि कोरड्या खोकल्याचे कारण कधीकधी कानात सापडते.

आता तेलाकडे वळू, कारण आपल्याकडे कानाचा विषय तेलावाचून पुरा होत नाही. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि त्यांत साचलेल्या मळाचा कर्णगूथ या नावाने समावेश आहे. त्यावरचा उपाय तेलाने मळ मऊ करून मग वैद्याने शलाकेने तो काढणे असा दिला आहे. आजही क्रम हाच आहे. पण घरगुती प्रथेत उत्तरार्ध गळून पडला आणि दर आठवड्याला कानात कोमट तेल घालणे एवढेच उरले. अखंड पडदा असलेल्या, निरोगी कानात शुद्ध तेलाचे दोन-चार थेंब क्वचित घातल्याने मळ मऊ होतो, हे खरे आहे, आणि बदामाचे किंवा ऑलिव्हचे तेल डॉक्टरही त्यासाठी सुचवतात. तेल कढईतून काढून अंदाजाने कोमट म्हणून ओतले, तर नलिका आणि पडदा भाजतो; लसूण तळून घातलेले तेल त्वचेला चुरचुरते; आणि पडद्याला आधीच भोक असेल, तर तेल मधल्या कानात उतरून कान वाहू लागतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळी दमट हवेत ओलसर, तेलकट कर्णनलिका बुरशीला फार मानवते; ओल्या वर्तमानपत्रासारखा दिसणारा, मध्ये काळे ठिपके असलेला बुरशीचा लगदा काढण्याचे काम तज्ज्ञांना पावसाळ्यात वारंवार करावे लागते. मालिश करताना तान्ह्या बाळाच्या कानात तेल सोडण्याची पद्धत तर बंदच झाली पाहिजे, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळाच्या कानाला तेलाची गरज नसते.

औषधांच्या दुकानात मिळणारे मळ मऊ करणारे थेंब वेगवेगळ्या घटकांचे असतात. काहींत पॅराडायक्लोरोबेन्झीन, टर्पेन्टाइन तेल आणि बधिर करणारे बेन्झोकेन असते, काही ग्लिसरीनमध्ये विरघळवलेल्या खाण्याच्या सोड्याचे असतात, तर काहींत फेस आणणारे पेरॉक्साइड असते. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली घेतलेल्या आढाव्यात यांपैकी कोणताही एक प्रकार दुसऱ्याहून निश्चित सरस असल्याचे आढळले नाही, तेव्हा महागड्या बाटलीमागे धावण्यात अर्थ नाही. बाटली काही मिनिटे मुठीत धरून अंगाइतकी कोमट करावी, कुशीवर झोपून दुखणारा कान वर ठेवावा, सांगितलेले थेंब घालून पाच-दहा मिनिटे तसेच पडून राहावे आणि हे तीन ते पाच दिवस करावे. पहिल्या एक-दोन दिवसांत मळ फुगल्यामुळे दडा वाढतो. त्याला घाबरून औषध बंद करू नये किंवा काडी घालू नये. जळजळ किंवा ठणका सुरू झाला, तर मात्र थांबावे. ज्यांचा कान वाहतो किंवा पूर्वी वाहत असे, पडद्याला भोक आहे किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी विचारल्याशिवाय कोणतेही थेंब घालू नयेत.

थेंबांनी भागले नाही, तर डॉक्टर मळ तीन प्रकारे काढतात: दिव्याच्या उजेडात बारीक आकड्याने किंवा प्रोबने, सूक्ष्मदर्शकाखाली सक्शनने, किंवा पिचकारीने पाणी सोडून. पिचकारी मारताना कानाची पाकळी वर आणि मागे ओढून नलिका सरळ केली जाते आणि पाण्याची धार थेट पडद्यावर न सोडता नलिकेच्या वरच्या-मागच्या भिंतीवर धरली जाते. पाणी मळाच्या मागे जाऊन त्याला बाहेर लोटते आणि कानाखाली धरलेल्या ट्रेमध्ये नलिकेच्या आकाराचा अख्खा गोळा पडतो. पाणी शरीराच्या तापमानाचे, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, असावे लागते. थंड पाण्याने रुग्णाला गरगरते आणि त्याचे डोळे एका दिशेने झटकू लागतात, फार गरम पाण्याने उलट दिशेने. व्हिएन्नातील रॉबर्ट बारानी या डॉक्टरने कान धुताना हे बारकाईने पाहिले, त्यावरून आतल्या कानातील तोलाच्या इंद्रियाची परीक्षा बसवली आणि त्या कामासाठी त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या महायुद्धात रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत असताना त्यांना ही बातमी कळली. भोवळ येण्यासारख्या किरकोळ तक्रारीत इतका ऐवज असतो, हे जाता जाता.

मधुमेह असलेल्यांनी कान धुऊन घेण्याआधी तसे डॉक्टरांना अवश्य सांगावे. नलिकेच्या त्वचेला बारीक ओरखडा पडून आत ओल राहिली, तर स्यूडोमोनास नावाच्या जीवाणूचा संसर्ग मधुमेहींत हाडापर्यंत पसरू शकतो, आणि तो जिवावर बेततो. अशांच्या बाबतीत पाण्याऐवजी सक्शन किंवा आकडा बरा, आणि घरी रबरी फुग्याने कान धुण्याचा प्रयोग तर नकोच.

कानात मेणबत्ती पेटवून मळ ओढून काढण्याचा प्रकार निव्वळ भोंदूपणा आहे; नळीत उरलेला पिवळा गाळ हा मेणबत्तीचाच असतो आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भाजण्याच्या धोक्यामुळे त्याविरुद्ध इशारे दिलेले आहेत. रस्त्याच्या कडेला बसून कान कोरणाऱ्यांचा हात कितीही हलका असला, तरी तीच सळई आधीच्या किती कानांतून फिरून आली हे आपल्याला माहीत नसते. मोबाइलला जोडायचे कॅमेऱ्याचे कानकोरणे पाहण्यापुरते गमतीचे आहे. मोबाइलच्या पडद्यावरच्या सपाट चित्रात खोलीचा अंदाज येत नाही, आणि आपल्याच हाताने आपल्याच कानात धातू घालताना नेमका तोच हवा असतो.

रोजच्या काळजीसाठी फार काही करावे लागत नाही. अंघोळीनंतर टॉवेलचे किंवा पातळ पंच्याचे टोक बोटावर घेऊन बोट जाते तेथपर्यंतच पुसावे. पोहणाऱ्यांनी कानात पाणी राहिल्यास मान तिरकी करून पाकळी ओढावी. इअरफोनची रबरी टोपी नियमित पुसावी आणि कानाला मधूनमधून मोकळे ठेवावे. ज्यांना दरवर्षी बूच काढून घ्यावे लागते, त्यांनी आठवड्यातून एकदा मऊ करणारे थेंब घालावेत की ठरावीक महिन्यांनी दाखवायला यावे, हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

एका प्रसंगात मात्र मळ समजून थांबणे महागात पडते. सकाळी उठल्यावर किंवा दिवसा काही तासांत एका कानाचे ऐकू येणे एकदम गेले आणि सोबत आवाज किंवा भोवळ आली, तर ते मज्जातंतूचे अचानक आलेले बहिरेपण असू शकते. त्यावर स्टिरॉइडचे उपचार जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या काही दिवसांत आणि फार तर दोन आठवड्यांच्या आत, सुरू होतील तितका उपयोग होण्याची शक्यता अधिक असते, आणि तेच दोन आठवडे पुष्कळ जण थेंब घालण्यात घालवतात. घरी ओठ मिटून गुणगुणून पाहावे: मळाने बंद झालेल्या कानात आपलाच आवाज मोठा ऐकू येतो, तर मज्जातंतू दुखावला असेल तेव्हा तो चांगल्या कानाकडे झुकतो. ही चाचणी पक्की नाही. डॉक्टर तीच गोष्ट कपाळावर ट्यूनिंग फोर्क टेकवून आणि कानात पाहून अधिक भरवशाने ठरवतात, म्हणून अशा वेळी गुणगुणण्याचे उत्तर काहीही आले तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान दाखवून यावा.